फेसबुकचे ‘बुलेटिन’ दोन वर्षेही का टिकले नाही?

मुळाकाठ

नमस्कार. गेली तीन वर्षे मी दर रविवारी भूजल आणि पाणीवाटप या विषयांवर एक न्यूजलेटर ईमेलने पाठवतो. आजवर ते विनामूल्य होते, आता वार्षिक वर्गणी घ्यावी असा विचार आहे. त्यानिमित्ताने समाजमाध्यमांतल्या बड्या कंपन्यांनी या व्यवसायात काय केले ते वाचू लागलो आणि एका ठिकाणी अडलो.

फेसबुकने 29 जून 2021 रोजी अमेरिकेत ‘बुलेटिन’ हे लेखकांच्या न्यूजलेटरांसाठीचे व्यासपीठ सुरू केले, तेव्हा लेखकांच्या वर्गणीतून आपण काहीही कापून घेणार नाही असे जाहीर केले होते. मजकुराची मालकी आणि वर्गणीदारांची यादी लेखकाकडेच राहील, असेही आश्वासन होते. माल्कम ग्लॅडवेल, मिच आल्बम, मलाला युसुफझाई यांच्यासारखी नावे त्याच्याशी जोडलेली होती. याउलट सबस्टॅक हे न्यूजलेटरांचे दुसरे व्यासपीठ प्रत्येक वर्गणीतले 10 टक्के स्वतःकडे ठेवते. असे असूनही ऑक्टोबर 2022 मध्ये बुलेटिन गुंडाळण्याचा निर्णय जाहीर झाला आणि सबस्टॅक मात्र चालू राहिले. लेखकाकडून काहीच न घेणारा आणि अब्जावधी वापरकर्ते हाताशी असणारा यात मागे कसा पडला, हे मला खरोखर समजून घ्यायचे आहे.

खिळेटंक

आपण ज्याला बुलेटिनचे बलस्थान म्हणता, तेच मला त्याचे दुबळेपण वाटते. सबस्टॅकची चूल त्या 10 टक्क्यांवर पेटते. लेखकाचे वर्गणीदार वाढले नाहीत, तर कंपनीलाही काही मिळत नाही. फेसबुकचे तसे नव्हते. 2021 मध्ये त्या कंपनीचे उत्पन्न सुमारे 118 अब्ज डॉलर होते आणि ते जवळजवळ सगळे जाहिरातींचे होते. आता हिशेब करून पाहा. एखाद्या लेखकाला दरमहा 5 डॉलर देणारे 1,000 वाचक मिळाले, तर त्याची वर्षाची जमा 60,000 डॉलर होते आणि त्यातले 10 टक्के म्हणजे 6,000. असे 10,000 लेखक मिळाले (आणि ही संख्या फारच मोठी आहे), तरी कंपनीच्या वाट्याला 6 कोटी डॉलर येतात, म्हणजे एकूण उत्पन्नाच्या एका टक्क्याचा विसावा भाग. ज्या कामातून इतकेच मिळू शकते आणि तेही आपण घेणार नाही असे सांगितलेले आहे, त्या कामासाठी अडचणीच्या वर्षी कंपनीत भांडायला कोण उभे राहणार?

ते वर्ष लगेचच आले. जुलै 2022 मध्ये बातम्यांचा विभाग आणि बुलेटिन यांच्याकडची माणसे दुसऱ्या कामांकडे वळवली जात असल्याचे प्रसिद्ध झाले, आणि नोव्हेंबरमध्ये मेटाने (फेसबुकच्या मूळ कंपनीने) 11,000 जणांना कामावरून कमी केले. शिवाय ती शुल्कमाफी कायमची नव्हतीच. वृत्तविषयक सेवांसह काही सेवा लेखक-कलावंतांसाठी 2023 पर्यंत विनामूल्य ठेवू आणि पुढे जे काही घेऊ ते अ‍ॅपल अ‍ॅपमधल्या विक्रीतून कापून घेते त्या 30 टक्क्यांहून कमी असेल, असे फेसबुकचे प्रमुख झुकेरबर्ग यांनी जून 2021 मध्येच सांगितले होते. त्या विधानात मला लेखकांच्या काळजीपेक्षा अ‍ॅपलशी चाललेला वाद अधिक ऐकू येतो.

ट्विटरची कथाही फार वेगळी नाही. जानेवारी 2021 मध्ये त्यांनी ‘रेव्यू’ ही न्यूजलेटर सेवा देणारी डच कंपनी विकत घेतली, कमिशन 5 टक्क्यांवर आणले, लेखकाच्या प्रोफाइलवर न्यूजलेटरसाठी नाव नोंदवण्याचे बटण दिले. पुढे ट्विटरचे मालक बदलले, आणि 18 जानेवारी 2023 रोजी रेव्यू बंद झाले.

परदेशस्थ

खिळेटंक यांच्या हिशेबाशी मी सहमत आहे, परंतु एक बाजू राहून गेली. फेसबुकने एप्रिल 2021 मध्ये स्थानिक पत्रकारांसाठी 50 लाख डॉलर जाहीर केले होते आणि त्यातून निवडलेल्या पत्रकारांना बुलेटिनवर स्थान मिळाले. मी अमेरिकेतल्या ज्या गावात राहतो, तिथे शाळा मंडळाच्या सभेला आता एकही बातमीदार बसत नाही. अशा ठिकाणी एखाद्या पत्रकाराला वर्ष-दोन वर्षे निश्चित मानधन मिळणे ही लहान गोष्ट नव्हे, मग देणाऱ्याचा हेतू काहीही असो. माझा आक्षेप दुसरा आहे. मानधन कंपनीकडून येत असताना वाचकाला पैसे देण्याची सवय लागली नाही, आणि ती लावण्याची निकडही कोणाला वाटली नाही.

मुळाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. मात्र यादी लेखकाच्या हाती राहणार होती, तर बुलेटिन बंद झाल्याने लेखकाचे नेमके काय गेले?

खिळेटंक

‘यादी’ या शब्दात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे पत्ते, आणि दुसरी म्हणजे वाचकाने आपल्या कार्डावरून दरमहा पैसे घेण्यास दिलेली परवानगी. पत्त्यांची फाइल अर्ध्या मिनिटात उतरवता येते, परवानगी तशी हलत नाही. रेव्यूने 20 डिसेंबर 2022 रोजी सर्व सशुल्क वर्गण्या त्या त्या मुदतीअखेर रद्द होतील अशी व्यवस्था केली. पत्ते हाती होते, पण प्रत्येक वाचकाला नव्याने कार्ड क्रमांक भरायला लावणे आले, आणि त्यात गळती होतेच. सबस्टॅकवर पैसे स्ट्राइप या ऑनलाइन वसुली करणाऱ्या सेवेवरच्या लेखकाच्या स्वतःच्या खात्यात जमा होतात, त्यामुळे लेखक दुसरीकडे गेला तरी वर्गण्या सोबत नेता येतात. जानेवारी 2024 मध्ये ‘प्लॅटफॉर्मर’ हे न्यूजलेटर सबस्टॅक सोडून घोस्ट या दुसऱ्या व्यासपीठावर गेले, ते याच सोयीमुळे फारशी पडझड न होता. लिंक्डइनवर तर पहिली गोष्टही मिळत नाही, कारण तिथल्या न्यूजलेटरच्या वर्गणीदारांचे ईमेल लेखकाला दिलेच जात नाहीत.

माझे वडील एका छोट्या मासिकाचे वितरण पाहत असत. अंक टपालात टाकल्यावर आठवडाभराने काही प्रती ‘पत्ता सापडत नाही’ असा शेरा घेऊन परत येत. त्याच संध्याकाळी ते लाल शाईच्या पेनाने वर्गणीदारांच्या वहीत त्या नावापुढे खूण करीत आणि गावातल्या ओळखीच्या माणसाला पोस्टकार्ड टाकून नवा पत्ता मागवीत. छापखाना दोनदा बदलला, मासिकाला काही झाले नाही. वही कपाटात कुलपात असे.

परदेशस्थ

मुळाकाठ, आपण भारतात असल्याने एक व्यावहारिक अडचण आधीच ध्यानात घ्या. 2024 पासून स्ट्राइप भारतात नवी खाती केवळ निमंत्रणानेच उघडते, त्यामुळे सबस्टॅकवर वर्गणी घेणे आपल्याला सहज जमेलच असे नाही. कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीसाठी रिझर्व्ह बँकेचे नियम 1 ऑक्टोबर 2021 पासून लागू आहेत. पहिल्या वेळी वाचकाची संमती लागते आणि पुढच्या प्रत्येक वसुलीपूर्वी त्याला सूचना जाते. आपली वर्गणी वार्षिकच आहे, तेव्हा यूपीआयने एकदा पैसे घ्यावेत, नाव, ईमेल आणि मुदत संपण्याची तारीख स्वतःच्या तक्त्यात नोंदवावी, आणि मुदतीच्या पंधरा दिवस आधी स्वतः पत्र लिहावे. शे-दोनशे वाचकांपर्यंत हे हाताने सहज होते.

मुळाकाठ

तसेच करतो. आज यादी उतरवून घेतली. एकूण 1,140 पत्ते आहेत, त्यांपैकी 63 ठिकाणी पत्र पोहोचतच नाही, आणि हे मला तीन वर्षांत कधी तपासावेसे वाटले नव्हते याचे वाईट वाटले. त्या 63 जणांपैकी नऊ जणांचे दूरध्वनी क्रमांक माझ्याकडे आहेत. वर्गणीची घोषणा पुढच्या महिन्यात करीन, आधी या नऊ जणांना फोन लावतो.