चर्चा: वर्षभर एकाच प्रकारचा रोल, एकच डेव्हलपर. पटतंय का?

जुना_के१०००
तेवीस वर्षांनी माळ्यावरून पेंटॅक्स के१०००, माझा जुना फिल्म कॅमेरा, खाली आला. शटर चालतं, सेल घातल्यावर मीटरची सुईही हलते. मागच्या दाराच्या खाचेतला फोम तेवढा डांबरासारखा झाला होता. तो खरवडून काळी लोकर चिकटवली. मग महिनाभर जागून वाचलं, रोल ट्राय-एक्स की टी-मॅक्स, डेव्हलपर (फिल्म धुवायचं रसायन) एक्सटॉल की रॉडिनल. शेवटी वैतागून ठरवलं: ४०० स्पीडचा एचपी ५ रोल आणि डी-७६ डेव्हलपर. वर्षभर तिसरं काही घरात येणार नाही.

इतक्या वर्षांनी परत येणाऱ्याचा हात आधी बसायला हवा. रोलही बदलला आणि डेव्हलपरही, तर निगेटिव्ह बिघडल्यावर दोष कोणाचा? माझे दोनच रोल झालेत. पावसाआधीचा पहिला झकास. दिवाळीत काळारामाच्या आवारात काढलेला पातळ आला, निगेटिव्ह अगदी फिकट. समोर पांढरं धोतर होतं, मीटर फसलं असणार. आणि पहाटेच्या अंधुक उजेडात रामकुंडावर १२५ चा मंद रोल घेऊन करायचं काय?

भरदुपार
पहाटेचं कबूल. पण कडक उन्हात ४०० ला लेन्सचं छिद्र एफ/१६ इतकं बारीक करूनही शटर १/५०० सेकंद लागतो, आणि तुमचं शटर १/१००० ला संपतं. म्हणजे छिद्र एफ/११ च्या पलीकडे उघडताच येत नाही. सराफ बाजारात छिद्र मोठं करून मागच्या पाट्या धूसर करायच्या असतील तर? १२५ चा एफपी ४ घाला, त्याच उन्हात एफ/५.६ मिळतो.

जुना_के१०००
पिवळा फिल्टर लावतो. एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड, तो खातो, वर आकाशही जरा दबतं.

भरदुपार
म्हणजे घोडा घ्यायचा आणि लगाम ओढून पायी चालवायचा. छान.

पंचवटीकर
दोघेही पैसेवाले दिसता. शिकेपर्यंत केंटमिअरचा स्वस्त रोल वापरा की! आणि लाल दिव्यात बघत बघत धुवा, कुठे थांबायचं ते डोळ्यांना कळतं.

गोदाकाठची
दादा, लाल दिवा फोटोच्या कागदाला चालतो. पूर्वीच्या फिल्मला लाल दिसत नसे, आताच्या पॅनक्रोमॅटिकला सगळं दिसतं. काळ्याकुट्ट अंधारात रोल टाकीत भरायचा, झाकण लावलं की मग खुशाल दिवे लावा.

चांदीचे_कण
रोल कुठलाही घ्या हो, खरं भांडण डेव्हलपरचं आहे. के१००० साहेब, डी-७६ चं पाकीट ३.८ लिटरचं घेतलंत ना? एकास एक पाणी घालून वापरलं तर रोलमागे दीडशे मिली स्टॉक (पाणी न घातलेलं मूळ द्रावण) जातो. पंचवीस रोल होतात. तुम्ही महिन्याला एकही काढत नाही! स्टॉक गच्च भरलेल्या बाटलीत सहा महिने टिकतो, अर्ध्या बाटलीत दोन, हे कोडॅकच सांगतं. रॉडिनल १८९१ पासून आहे. एकास पन्नासला रोलमागे सहा मिली, सिरिंजने ओढायचं. उघडलेली बाटली काळी पडली तरी वर्षानुवर्षं काम देते.

आणि तो पातळ रोल धोतरावर ढकलू नका. खिडकीशी धरून कडेचे आकडे बघा. ते कारखान्यात उमटवलेले असतात, तुमच्या मीटरशी त्यांचं देणंघेणं नाही. आकडे ठळक आणि फोटो पातळ, तर एक्स्पोजर कमी पडलं. आकडेही पुसट असतील तर डेव्हलपर मेलाय.

जुना_के१०००
रॉडिनलमध्ये ४०० चा रोल म्हणजे फोटोत रवा चाळून ठेवल्यासारखा दाणा. डी-७६ च्या लिटरला शंभर ग्रॅम सोडियम सल्फाइट असतं, ते चांदीच्या कणांच्या कडा विरघळवतं. म्हणून दाणा मऊ.

चांदीचे_कण
एकास एक केल्यावर पन्नासच उरतं.

गोदाकाठची
पाण्याचं कोणीच बोलत नाही? एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी माझ्याकडे ३३ अंश. एचपी ५ ला डी-७६ च्या स्टॉकमध्ये २० अंशांना साडेसात मिनिटं लागतात. २४ ला तोच वेळ पाचच्या आसपास येतो, त्याखाली गेलात की पट्टे उमटण्याची भीती. म्हणून उन्हाळ्यात पातळच करा, वेळ लांबतो. मी माठातलं पाणी घेते. आपल्याकडच्या कोरड्या हवेत माठ २२ पर्यंत उतरतो (सासूबाईंना वाटतं मी सरबत करतेय). पावसाळ्यात माठ काही कामाचा नाही, तेव्हा पातेल्यात बर्फ. आणि शेवटच्या धुण्याला बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर. आमच्या बोअरच्या पाण्याने निगेटिव्हवर पांढरे ठिपके राहतात.

जुना_के१०००
आकडे पाहिले. पहिल्या रोलवर काळेभोर, दुसऱ्यावर पेन्सिलने लिहिल्यासारखे. डेव्हलपर तेलाच्या पाच लिटरच्या कॅनमध्ये होता, वर हवाच हवा. ओतून पाहिला तर चहाचा रंग. मोरीत गेला.

पण रॉडिनल आणत नाही. एक लिटरचं पाकीट मागवलंय आणि २५० मिलीच्या चार काचेच्या बाटल्या. गळ्यापर्यंत भरून ठेवणार. एचपी ५ तोच.

चांदीचे_कण
लिटरमध्ये दीडशेचे सहा रोल, सहा महिन्यांत संपवा. उरलेलं शंभर मिली मोरीला. आणि त्या धोतरवाल्याची माफी मागा.