मदत हवी आहे: २६/११वरचा सिनेमा घरी बघताना आवाज आणि माणसं कशी सांभाळायची?

पामबीच:
नेरूळचा फ्लॅट, ५५ इंची टीव्ही, २.१ साउंडबार. ताजवरच्या हल्ल्याचा सिनेमा शनिवारी बघायचा आहे. सोबत सोळा वर्षांची मुलगी आणि सासरे. सासरे रेल्वेतून निवृत्त, त्या रात्री सीएसटीला ड्यूटीवर होते. बघायचं तेच म्हणताहेत. अशा सिनेमात संवाद पुटपुटल्यासारखे आणि गोळीबार घर हादरवणारा, त्यावर उपाय? आणि सासऱ्यांना त्रास झाला तर काय करावं?

खारेगाव:
५.१ मिक्समध्ये, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर (बेसचा स्पीकर) धरून केलेल्या आवाजात, संवाद मुख्यतः मधल्या चॅनेलवर असतात. २.१ बारला डावा, उजवा आणि सबवूफर एवढंच, तो मधला स्पीकरच नसतो, म्हणून ते डाव्या-उजव्यात मिसळून स्फोटांखाली दबतात. व्हॉल्यूम वाढवलात तर पुढची गोळी आणखी जोरात. ॲपमध्ये स्टिरिओ ट्रॅक असेल तर तो घ्या, बारवर नाइट मोड लावा; मोठे आवाज दबतात, बारीक वर येतात. सबवूफर दोन-तीन पायऱ्या खाली आणि जाड रबरी मॅटवर. बेस स्लॅबमधून उतरतो, खालच्यांना नुसतं धाड धाड ऐकू येतं. त्यांना आणि वॉचमनला आधी सांगून ठेवा. टीव्हीचं मोशन स्मूदिंग बंद ठेवा, हलत्या कॅमेऱ्यात त्याने चित्र विचित्र दिसतं. सबटायटल चालूच राहू द्या.

येऊरवाट:
सासऱ्यांचं जास्त महत्त्वाचं. सिनेमा ताजचा असला तरी त्यांची आठवण सीएसटीची आहे. तुमच्यापैकी कुणीतरी आधी एकट्याने बघा, स्टेशनची दृश्यं कितव्या मिनिटाला आहेत ते कागदावर लिहा आणि त्यांना आधीच सांगा. नको म्हणाले तर तेवढा भाग वगळून पुढे जा. रिमोट त्यांच्याच हातात द्या. दुपारी बघा, पूर्ण अंधार नको, टीव्हीमागे एक दिवा असू दे.

श्वास जोरात, घाम, नजर एकाच जागी खिळलेली, हाकेला उत्तर नाही, असं दिसलं की थांबवा, दिवे लावा. समोर बसून शांतपणे नावाने बोला, पाठीमागून खांद्यावर हात ठेवू नका. पाय जमिनीवर टेकवून खोलीतल्या पाच वस्तूंची नावं सांगायला लावा. "अहो, नुसता सिनेमा आहे" हे वाक्य टाळा, त्यांच्यासाठी तो नुसता सिनेमा नाही. छातीत दुखतंय म्हणाले तर घाबरल्यामुळे असेल असं गृहीत न धरता थेट हॉस्पिटल गाठा. रात्री-बेरात्री बोलायला टेली मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास चालू असते. झोप उडणं, दचकणं महिनाभर टिकलं तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्याच.

पामबीच:
आभार. मध्येच उठून गेले तर?

येऊरवाट:
जाऊ द्या. कोणीतरी बरोबर उठा, बाकीच्यांनी बंद करा. संपवलाच पाहिजे असं काही नाही.

खारेगाव:
मुलीला बघण्याआधी एवढं सांगा: हल्लेखोर दहा, मृत १६६, आणि ताजइतकंच सीएसटीवर घडलं, तिथेच पन्नासहून अधिक माणसं गेली. एका हॉटेलवरचा सिनेमा हे नीट दाखवू शकत नाही. काही पात्रं अनेक माणसं मिळून केलेली असतात, हेही. हल्लेखोरांना फोनवरून मिळणाऱ्या सूचना मात्र खऱ्याच रेकॉर्ड झाल्या होत्या, आणि सूत्रधार टीव्हीचं थेट प्रक्षेपण बघत होते. सीएसटीवर उद्घोषक विष्णू झेंडे यांनी माइकवरून प्रवाशांना बाहेर काढलं, ते ती आजोबांना विचारू शकेल. त्यांना बोलावंसं वाटलं तरच.