कॉम्प्युटरच्या केसचे (डब्याचे) पुढचे पंखे कायम फुल स्पीडवर – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

घरीच डेस्कटॉप जुळवलाय. रायझन ५ ५६००, बी५५० चिपसेटचा मायक्रो एटीएक्स बोर्ड, सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड. चालतो झकास, पण आवाज फार. परळला वन रूम किचन, मशीन बाहेरच्या खोलीत आणि आई तिथेच झोपते. रात्री एडिटिंगला बसलो की "ती गिरणी बंद कर आधी!" (गिरणगावातच राहतो, त्यामुळे बोलायची सोय नाही.)

केससोबत आलेले पुढचे तिन्ही पंखे ३ पिनचे आहेत, लेबलवर १२ व्होल्ट, ०.१८ अँपिअर. मागचा मी वेगळा घेतला, तो ४ पिनचा. बोर्डवर केस फॅनचे हेडर (पंख्याची वायर जोडायच्या पिना) दोनच. पुढचे तिन्ही स्प्लिटरने (एका जोडणीच्या तीन करणाऱ्या वायरने) एकावर, मागचा दुसऱ्यावर. मागचा बायोसमधल्या (बोर्डच्या सेटिंग्जमधल्या) कर्व्हप्रमाणे, म्हणजे किती तापमानाला किती वेग या आलेखाप्रमाणे, नीट कमीजास्त होतो. पुढचे मात्र बटण दाबल्यापासून सुसाट, कर्व्ह कितीही खाली ओढा.

लॅमिंग्टन रोडला एका दुकानात विचारलं, तर साटा पॉवरवर (पॉवर सप्लायच्या वायरवर) चालणारा पीडब्ल्यूएम हब, म्हणजे बरेच पंखे एकत्र जोडायचा डबा, लावा म्हणाले. घेऊ का? आणि तीन पंखे एका हेडरला झेपतात ना?

सोल्डरवाला:
हब घेऊ नका, पैसे वाया जातील. ४ पिनच्या पंख्याला १२ व्होल्ट कायम मिळतात आणि वेग ठरतो चौथ्या पिनवरच्या पीडब्ल्यूएम सिग्नलने. ३ पिनच्या पंख्याला ती पिनच नाही. त्याचा वेग व्होल्टेज उतरवूनच कमी होतो. तुमचा हेडर पीडब्ल्यूएम मोडवर असणार, म्हणजे पंख्यांना सरळ १२ व्होल्ट जातायत. बायोसमध्ये फक्त त्या हेडरचा मोड 'डीसी' (व्होल्टेजने वेग बदलणारा) करा. असले हब साटामधून थेट १२ व्होल्ट देतात, तिथेही हे पंखे असेच सुसाट पळतील.

लोडची काळजी नको. तिघांचे मिळून ०.५४ अँपिअर होतात, हेडर बहुतेक १ अँपिअरचा असतो. तरी मॅन्युअल बघून घ्या.

खिडकीपाशी:
सहमत. मागचा ४ पिनवाला त्याच स्प्लिटरवर आणू नका, एका हेडरला मोड एकच. स्प्लिटरवर आरपीएम (मिनिटाला फेरे) एकाच पंख्याचा दिसेल, बाकीचे बंद पडलेत असं समजू नका. आणि डीसीमध्ये वेग फार खाली नेला तर पंखा सुरूच होत नाही. ४०-५० टक्क्यांपासून सुरुवात करा, थंड मशीनवर तिन्ही फिरतायत का डोळ्यांनी बघा, मग खाली या.

धागाकर्ता:
डीसी केलं, चमत्कार! आईनेच विचारलं, बंद आहे का म्हणून. आता एकच कटकट: ब्राउझर उघडला तरी पंखे क्षणभर जोरात फिरतात आणि परत शांत. उलट रेंडरला ग्राफिक्स कार्ड तापतं तेव्हा पुढचे पंखे ढिम्म.

सोल्डरवाला:
कर्व्ह सीपीयूच्या तापमानावर आहे, आणि रायझनचं तापमान क्षणात उडी मारतं. ६० अंशांपर्यंत कर्व्ह सपाट ठेवा. मुंबईच्या मे महिन्यात खोलीच ३३-३४ असते, त्यामुळे ४० वगैरे ठेवून भागत नाही. 'स्टेप अप' वेळ (तापमान चढल्यावर पंखा वेग वाढवायला घेतो तो वेळ) असेल तर वाढवा. ग्राफिक्स कार्डचं तापमान बऱ्याच बोर्डांच्या बायोसला दिसत नाही. विंडोज असेल तर 'फॅनकंट्रोल' हे फुकट सॉफ्टवेअर टाका. त्यात सीपीयू आणि कार्ड यांपैकी जे जास्त मागेल त्यावर पुढचे पंखे लावता येतात. पुढची जाळी मात्र वरचेवर झाडत जा, परळची धूळ कर्व्ह बघत नाही.