मदत हवी: सात अणूंची नायट्रोजन-रिंग बंद होत नाहीये

अर्धवर्तुळ: लवकर सांगा, अडकलोय. रिंग-क्लोजिंग मेटाथेसिसने, म्हणजे रेणूच्या दोन टोकांचे डबल बाँड जोडून, अझेपीन (नायट्रोजनवाली सातची रिंग) करायचंय. ग्रब्स-2 हा रुथेनियमचा कॅटलिस्ट घातला, रात्रभर ठेवला, टीएलसीवर (मिश्रणातले पदार्थ वेगळे दाखवणाऱ्या प्लेटवर) नवा ठिपका स्वच्छ दिसतो, पण मास (रेणूचं वजन) जुळत नाही. कॅटलिस्ट खराब झालाय का?

काचपात्र: जुळत नाही म्हणजे फरक किती? नायट्रोजनवर काय आहे? सॉल्व्हंट, तापमान, कॉन्सन्ट्रेशन? मोकळं अमाईन असेल तर ते रुथेनियमला धरून बसतं आणि कॅटलिस्ट तिथेच थंडावतो.

षट्कोन: मेटाथेसिस सोडा, पिक्टेट-स्पेंगलर लावा. 1911 पासून चालत आलेली रिॲक्शन. अमाईन, अल्डिहाइड, थोडं आम्ल, झालं. माझी बीटा-कार्बोलीनं सगळी अशीच होतात.

काचपात्र: अहो, त्याला इंडोल नाहीतर मेथॉक्सीवालं बेन्झीन लागतं. आणि तुमच्या त्या कार्बोलीनांत रिंग सहाची, यांना सातची हवीये.

षट्कोन: रेणू न बघताच तुम्ही नाही म्हणताय.

अर्धवर्तुळ: ॲरोमॅटिक काही नाही. नायट्रोजन झाकणारा बॉक गट आहेच, ते काय सांगायचं! टोकाला डबल बाँड असलेल्या दोन साखळ्या: एका बाजूला अलिल, दुसऱ्या बाजूला 4-पेन्टेनिल. टोल्युईन, रिफ्लक्स. मास मूळ डायईनपेक्षा (दोन डबल बाँडवाल्या सुरुवातीच्या रेणूपेक्षा) 42 ने कमी.

जुनीवही: रॉबिन्सनने 1917 मध्ये सक्सिनडायअल्डिहाइड, मेथिलअमाईन आणि ॲसिटोनडायकार्बॉक्सिलिक आम्ल एकत्र करून ट्रोपिनोन (दोन रिंगांचा नायट्रोजनवाला रेणू) एका भांड्यात केला. त्याआधी विलश्टेटरला त्याच रेणूसाठी किती पायऱ्या लागल्या होत्या! दुहेरी मॅनिक रिॲक्शन, एका झटक्यात दोन रिंगा. हे कोणी शिकवतच नाही आता.

काचपात्र: सुंदर आहे, पण यांना ट्रोपिनोन नकोय.

पाराबिंदू: 42 मध्येच उत्तर आहे. सातची रिंग बंद होऊन इथिलीन बाहेर गेलं असतं तर 28 कमी झाले असते. तुमचं प्रोपीन गेलंय. टोल्युईन उकळताना ग्रब्स-2 तुटतो, त्यातून रुथेनियम हायड्राइड होतं आणि ते टोकाचा डबल बाँड एक घर आत सरकवतं. मग रिंग बंद होते, पण सहाची. प्रोटॉन एनएमआरमध्ये (हायड्रोजनचे सिग्नल दाखवणाऱ्या आलेखात) 6.8 पीपीएमच्या आसपास बघा. तिथे काही असेल तर अलिलची बाजू सरकलीये, डबल बाँड नायट्रोजनला लागून आलाय. नसेल तर पेन्टेनिलची. डीसीएममध्ये (डायक्लोरोमिथेन) 40 अंशांवर, 0.01 मोलर ठेवून लावा. 1,4-बेन्झोक्विनोन 10 मोल टक्के घाला, ते हायड्राइड खातं.

षट्कोन: इतका खटाटोप करण्यापेक्षा अमिनो-अल्डिहाइड बनवून आतल्या आत रिडक्टिव्ह अमिनेशन करा.

काचपात्र: आणि त्यांना रिंगमध्ये डबल बाँड हवा असेल तर?

रिकामाकॉलम: मेटाथेसिसनंतर रुथेनियमचा तपकिरी रंग सिलिकावरून जातच नाही, कोणी काय वापरतं?

अर्धवर्तुळ: डबल बाँड हवाच आहे, पुढे डायहायड्रॉक्सिलेशन करायचंय, म्हणजे त्यावर दोन ओएच बसवायचेत. 6.8 ला दोन रुंद सिग्नल आहेत. अशुद्धी समजून सोडले होते.

पाराबिंदू: दोन म्हणजे बॉकचे रोटॅमर, बॉक दोन बाजूंना वळलेली एकाच रेणूची दोन रूपं. अलिलच सरकलंय.

अर्धवर्तुळ: डीसीएममध्ये आत्ताच लावतो. बेन्झोक्विनोन कॅटलिस्टच्या आधी की नंतर?

पाराबिंदू: आधी.