क्रम बदलला की बिघडणारे अल्बम : तुमचे कोणते?

कोमल_निषाद

मंडळी, प्रश्न एका ओळीचा आहे, पण तो का पडला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

असे कोणते अल्बम आहेत की ज्यांतल्या गाण्यांचा क्रम बदलला तर तुमच्या लेखी तो अल्बमच उरत नाही? शैली कुठलीही असू द्या. फक्त 'यातलं प्रत्येक गाणं भारी आहे' हा निकष नको. तसे अल्बम ढिगाने आहेत आणि शफलवर टाकले तरी ते भारीच राहतात. मला हवेत ते, ज्यांत एक गाणं संपून दुसरं सुरू होण्याची जागासुद्धा रचनेत धरलेली आहे.

माझ्या यादीत सगळ्यात वर बीटल्सचा 'अ‍ॅबी रोड', १९६९चा. लोक त्याच्या दुसऱ्या बाजूच्या मेडलीबद्दल, म्हणजे एकमेकांत गुंफलेल्या छोट्या गाण्यांच्या मालिकेबद्दल बोलतात, आणि ती आहेच सुंदर. पण मला विचाराल तर त्या अल्बमचा कणा पहिल्या बाजूच्या शेवटी आहे. 'आय वॉन्ट यू' हे गाणं शेवटची तीनेक मिनिटं गिटारची एकच आवर्तनं घेत राहतं. दर फेरीला सिंथेसायझरचा सोसाट्याचा आवाज थोडा वर चढतो, इतका की ड्रम्ससुद्धा त्यात बुडायला लागतात. आता हे कुठे जाणार असं वाटत असतानाच ७ मिनिटं ४४ सेकंदांवर सगळं एकदम बंद. हळूहळू विरणं नाही, समेवर येणं नाही. लेननने टेप तिथेच कापायला लावली. एलपीवर इथे बाजू संपायची. तुम्ही उठायचं, तबकडी उलटायची, सुई ठेवायची आणि मग 'हिअर कम्स द सन'ची ती स्वच्छ गिटार. स्ट्रीमिंगवर या दोन गाण्यांमध्ये श्वास घ्यायलाही सवड मिळत नाही. मी तिथे मुद्दाम पॉज करते, एखादं मिनिट जाऊ देते आणि मगच पुढे जाते. त्या मिनिटाशिवाय पुढचं गाणं फक्त गोड लागतं. त्या मिनिटानंतर सुटका झाल्यासारखं वाटतं.

पिंक फ्लॉइडच्या 'डार्क साइड ऑफ द मून'चंही (१९७३) तेच. 'द ग्रेट गिग इन द स्काय' संपतं तिथे बाजू संपायची. आता तो आवाज विरतो न विरतो तोच 'मनी'ची नाणी खणखणायला लागतात, आणि मला ते दर वेळी खटकतं. बाकी हा अल्बम इथे सगळेच सुचवतील, म्हणून पुढे जाते.

जॅझमध्ये माइल्स डेव्हिसचं नाव निघालं की सगळे 'काइंड ऑफ ब्लू'कडे वळतात. तो मलाही अतिशय प्रिय आहे, पण त्यातल्या पाचही रचना मी कुठल्याही क्रमाने ऐकू शकते. 'इन अ सायलेंट वे' मात्र नाही. फेब्रुवारी १९६९मध्ये एका दिवसात मुद्रित झालेला हा अल्बम. दोन बाजू, दोन लांब रचना, सगळी मिळून ३८ मिनिटं. निर्माता टिओ मसेरो याने टेप कापून आणि जोडून त्याला आकार दिला. दुसरी बाजू ऐका. सुरुवातीला जॉन मॅक्लॉक्लिनची गिटार येते, एकेक स्वर चाचपडत, खाली ऑर्गनचा एकच स्वर धरून ठेवलेला. ताल जवळजवळ नाहीच. चारेक मिनिटांनी ते संपतं आणि बासची एक छोटी आकृती सुरू होते. तिच्यावर तीन कीबोर्ड, मग ट्रम्पेट, आणि इतका वेळ काठावर टकटक करत बसलेला टोनी विल्यम्स एका क्षणी पूर्ण ड्रमसेटवर तुटून पडतो. ते ओसरलं की पुन्हा सुरुवातीची गिटार येते.

आता गंमत अशी, की ही पुन्हा वाजवलेली धून नाही. ती तीच टेप आहे. सुरुवातीचा तुकडा मसेरोने जसाच्या तसा शेवटी जोडला. स्वर न् स्वर तोच. तरी मला पहिल्या वेळी त्या गिटारमध्ये वाट पाहणं ऐकू येतं आणि दुसऱ्या वेळी निरोप. टेपमध्ये काहीच बदललेलं नसताना हा फरक कुठून आला? मधल्या बारा मिनिटांतून. क्रम म्हणजे काय हे मला या एका जोडणीने शिकवलं तेवढं दुसऱ्या कशानेच नाही.

पाश्चात्त्य शास्त्रीयमध्ये हाच प्रकार बाखच्या 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स'मध्ये आहे. आधी आरिया म्हणजे मूळ धून, मग तिची ३० व्हेरिएशन्स म्हणजे बदललेली रूपं, शेवटी पुन्हा तोच आरिया. ग्लेन गूल्डने हे दोनदा मुद्रित केलं, १९५५मध्ये आणि १९८१मध्ये. पहिलं ३८ मिनिटांचं, दुसरं ५१. बावीस वर्षांच्या मुलाचं ते पहिलं वाजवणं थक्क करणारं आहे, पण मला ते वेगवेगळ्या तुकड्यांची माळ वाटतं. दुसऱ्यात त्याने एका व्हेरिएशनची लय पुढच्याशी बांधली आहे, म्हणून ते मधेच थांबवता येत नाही. माझं मत बिनदिक्कत १९८१च्या बाजूने. तो वाजवताना गुणगुणतो, त्याचा काहींना त्रास होतो. मला तो हवा असतो.

आणि आपला 'कॉल ऑफ द व्हॅली' (१९६७). शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरासियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार, तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस. अहिर भैरवने सुरू होतो, नटभैरव, पिलू, भूप, देस असं करत पहाडीवर थांबतो. इथे क्रम म्हणजे प्रत्यक्ष घड्याळ. पुढे काही सीडी आवृत्त्यांत शेवटी जास्तीच्या रचना जोडल्या, हे मला अजिबात पटलेलं नाही. पहाडीनंतर दिवस संपलेला असतो. त्यानंतर कितीही सुंदर काही वाजवा, ते या अल्बमचं नाही.

हिपहॉप आणि इलेक्ट्रॉनिकमधलं माझं ऐकणं कमी आहे. जाणकारांनी तिकडची नावं जरूर द्यावीत.

अनुनाद

धागा आवडला. मी मास्टरिंगचं, म्हणजे अल्बम छापायला जाण्याआधी त्याच्या आवाजावर शेवटचा हात फिरवण्याचं काम करतो, म्हणून एक बाजू मांडतो.

तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे हा वेग सोडत नाही, पण सुई आत सरकते तसा खाचेचा घेर कमी होत जातो. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटीमीटर खाच सरकते, लेबलजवळ पोचेपर्यंत ती २० सेंटीमीटरच्या आसपास येते. म्हणजे तेवढ्याच वेळातला आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबायचा. सगळ्यात आधी वरच्या पट्टीचे बारकावे जातात. झांजा फाटतात, गाणाऱ्याचे 'स' आणि 'श' खरखरायला लागतात. त्यामुळे दणकेबाज गाणी बाजूच्या सुरुवातीला आणि शांत गाणं शेवटी, असा सल्ला कटिंग करणारे, म्हणजे तबकडीची खाच कोरणारे इंजिनिअर नेहमी देत आले. तुम्ही ज्याला कलावंताने ठरवलेला क्रम म्हणता, त्यातला काही भाग तबकडीच्या भूमितीने ठरवला आहे.

या हिशेबाने 'आय वॉन्ट यू' म्हणजे सरळ उलटं काम. सगळ्यात गोंगाटाचा भाग सगळ्यात आतल्या खाचेत. तरी तो तिथे ठेवला, यावरून त्यांना ती जागा किती हवी होती ते कळतं.

त्याच अल्बममधला माझा आवडता अपघात 'हर मॅजेस्टी'. ते २३ सेकंदांचं गाणं मुळात मेडलीच्या मधोमध होतं, 'मीन मिस्टर मस्टर्ड' आणि 'पॉलिथीन पॅम' यांच्यामध्ये. ते काढून टाकायचं ठरलं, पण इंजिनिअरने फेकून न देता टेपच्या शेवटी कोरी फीत टाकून जोडून ठेवलं. ऐकल्यावर सगळ्यांना तेच आवडलं. नीट ऐका : सुरुवातीला जो दणका बसतो तो आधीच्या गाण्याचा शेवटचा कॉर्ड आहे आणि 'हर मॅजेस्टी'चा स्वतःचा शेवटचा कॉर्ड गायब आहे, कारण तो पुढच्या गाण्याबरोबर राहिला.

नादखुळा

'द कोलन कॉन्सर्ट' कसा नाही यादीत? २४ जानेवारी १९७५, रात्री साडेअकराचा कार्यक्रम, मागवलेल्या मोठ्या पियानोऐवजी स्टेजवर सरावाचा छोटा पियानो, आणि कीथ जॅरेटने त्यावर तासाभराचं संगीत जागेवर रचलं. यात क्रम बदलायचा प्रश्नच येत नाही, कारण ते घडलंच त्या क्रमाने! मी तरी तो तुकड्यांत ऐकूच शकत नाही.

ठोका

थोडा विरोध नोंदवतो. सलग ऐकणं म्हणजेच खरं ऐकणं असा सूर या चर्चेत नेहमी लागतो. माझ्यासारखे अनेक जण एकेका गाण्याने संगीतात आले. आवडतं गाणं शंभरदा ऐकणं हेही मन लावून ऐकणंच आहे. तुमच्या बाजूने एवढं मात्र सांगतो, की २०२१मध्ये अ‍ॅडेलने मागणी केल्यावर स्पॉटिफायने अल्बमच्या पानावर आधी दिसणारं शफलचं बटण काढलं. म्हणजे ही तक्रार तुमच्या एकटीची नाही.

हिपहॉपमधली नावं मागितलीत म्हणून दोन देतो.

जे डिलाचा 'डोनट्स', फेब्रुवारी २००६. एकतीस छोटे तुकडे, बहुतेक दीड मिनिटाच्या आतबाहेर. पहिल्या तुकड्याचं नाव 'आउट्रो', शेवटच्याचं 'इंट्रो', आणि शेवट पुन्हा सुरुवातीत जाऊन मिसळतो. रिपीट लावला तर शिवण सापडत नाही. अल्बम त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवसाला आला आणि तीन दिवसांनी तो गेला.

दुसरा केंड्रिक लमारचा 'डॅम', २०१७. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याची कलेक्टर्स आवृत्ती निघाली. तीच गाणी, पण नेमक्या उलट्या क्रमाने. हे जमेल असं ठरवूनच तो बांधला होता, असं केंड्रिकने स्वतः सांगितलं आहे. आता याला तुमच्या निकषात कुठे बसवाल?

कोमल_निषाद

अनुनाद, खाचेच्या घेराबद्दल लिहिलंत ते फार उपयोगी आहे. भूमितीचा भाग मान्य, पण त्याने माझं म्हणणं पडत नाही असं मला वाटतं. बाजूला वीस-बावीस मिनिटं, शेवटाला शांतता हवी, मधे उठावं लागणार, या अटी ठाऊक असणाऱ्यांनीच हे अल्बम बांधले. ७४ मिनिटांची सीडी आल्यावर ती अट गेली आणि मला नव्वदच्या दशकातले कित्येक चांगले अल्बम पंधरा मिनिटांनी जास्त लांब वाटतात. उलट निक ड्रेकचा 'पिंक मून' (१९७२) घ्या. २८ मिनिटं, आवाज आणि गिटार, शीर्षकगीतात तेवढा थोडा पियानो. त्यात एक गाणं आणखी असतं तर मला ते नको झालं असतं.

नादखुळा, 'कोलन कॉन्सर्ट' मीही अनेकदा ऐकते, पण माझं प्रेम पहिल्या भागावर आहे. त्या २६ मिनिटांत, विशेषतः डावा हात दोन कॉर्डवर ठाण मांडून बसतो आणि उजवा हात मधल्या पट्टीतच नव्या नव्या जागा शोधतो तिथे, पियानोची ती अडचण प्रत्यक्ष ऐकू येते. वरचे स्वर पातळ, खालचे दुबळे, म्हणून सगळा खेळ मध्यात. दुसऱ्या भागात मात्र काही ठिकाणी तो एकाच जागी फार वेळ थांबतो असं माझं मत आहे. तो भाग एलपीच्या एका बाजूवर मावेना म्हणून 'अ' आणि 'ब' असा बाजूंवर वाटला गेला. ती फोड संगीताची नाही, त्यामुळे सीडीवर तो जास्त चांगला लागतो.

ठोका, एक गाणं शंभरदा ऐकणाऱ्याला मी कधीच कमी लेखणार नाही. माझा प्रश्न ऐकणाऱ्यांबद्दल नव्हता, अल्बमच्या बांधणीबद्दल होता. दोन्ही नावं लगेच ऐकायला घेते.

नादखुळा

दुसऱ्या भागाबद्दल तीव्र असहमती! पण शेवटचा सात मिनिटांचा तुकडा तरी मान्य करा.

कोमल_निषाद

तो मान्य. तो नसता तर दुसरा भाग मी क्वचितच लावला असता.

आता 'डॅम'. दोन्ही क्रमांनी ऐकला. मूळ क्रमात शेवटी 'डकवर्थ' येतं. केंड्रिकच्या वडिलांना एका दरोड्यात गोळी लागली असती, पण त्यांच्या एका चांगुलपणामुळे टळली, आणि तो दरोडा घालू पाहणारा माणूसच पुढे केंड्रिकला संधी देतो, अशी ती गोष्ट. तसं घडलं नसतं तर मी गोळीबारात मेलो असतो, असं म्हणून तो थांबतो, गोळीचा आवाज येतो, सगळा अल्बम सरसर उलटा फिरतो आणि पहिल्या गाण्याचं पहिलं वाक्य ऐकू येतं. पहिल्या गाण्यातही गोळी झाडली गेलेलीच असते. ती कुणाला लागली याचा अर्थ पन्नासेक मिनिटांनी, या जागी उलगडतो.

उलट्या क्रमात हे सगळं सुरुवातीलाच कळतं, आणि मग माणूस हळूहळू त्या गोळीकडे चालत जातो. तेही लागू पडतं, हे मला नवल वाटलं. विशेषतः 'फिअर' मूळ क्रमात शेवटाकडे येतं, उलट्या क्रमात सुरुवातीकडे, आणि दोन्हीकडून तितकंच जड वाटतं. तरी माझी निवड मूळ क्रमाची. ती टेप उलटी फिरते तेव्हा मागे फिरायला अख्खा अल्बम असावा लागतो. 'डकवर्थ' पहिलं लावलं तर ती कशावरून फिरणार?

'डोनट्स'बद्दल सवडीने लिहीन. सध्या तो रिपीटवर आहे आणि शिवण मलाही सापडलेली नाही.