टाइमशेअर घेताना पुनर्विक्रीची किंमत किती धरावी? (सोसायटी ग्रुपवरील चर्चा)

ए-२०३: सर्वांना नमस्कार. गेल्या रविवारी एका हॉटेलातल्या मोफत जेवणाच्या निमंत्रणावरून आम्ही उभयता गेलो आणि जेवणाआधी तीन तास टाइमशेअरची, म्हणजे रिसॉर्टमध्ये दर वर्षी ठरावीक रात्री राहण्याच्या सदस्यत्वाची, माहिती ऐकून आलो. पंचवीस वर्षांचे सदस्यत्व, दर वर्षी सात रात्री, एका बेडरूमचे अपार्टमेंट आणि किंमत चार लाख, असा प्रस्ताव आहे. नको झाल्यास सदस्यत्व केव्हाही विकता येते आणि तोवर नवे दर वाढलेले असतात, त्यामुळे तोटा होतच नाही, असे तिथल्या प्रतिनिधीने ठासून सांगितले. आपल्यापैकी कोणी असे सदस्यत्व प्रत्यक्ष विकले आहे काय?

सी-५०१: मी विकले आहे. कंपनीचे नाव इथे घेत नाही. २०१० साली अडीच लाखांना घेतले आणि मुलांच्या दहावी-बारावीमुळे जाणे बंद झाल्यावर २०२१ मध्ये विकायला काढले. ओएलएक्सवर जाहिरात टाकून वर्ष उलटले, तरी चौकशीचे तीनच फोन आले. चौदा वर्षे शिल्लक असलेल्या त्या सदस्यत्वाला शेवटी पंचेचाळीस हजार मिळाले; त्यातूनच थकलेले देखभालीचे वार्षिक शुल्क आणि हस्तांतरणाचे शुल्क मी भरावे, अशी घेणाऱ्याची अट होती, म्हणून हाती जेमतेम वीस हजार उरले. नवे दर वाढलेले असतात हे प्रतिनिधीचे म्हणणे खरे आहे, मात्र तो दर कंपनीचा असतो, आपला नसतो. त्या दरात जाहिरात, प्रतिनिधीचे कमिशन आणि तुम्ही रविवारी जेवलात ते जेवणही धरलेले असते. शिवाय कंपनी हप्ते बांधून देते, तर माझ्याकडून घेणाऱ्याला एकरकमी पैसे मोजावे लागतात.

डी-१०२: काकांचा अनुभव अपवादात्मक नाही. लोणावळ्यात फ्लॅट घेतला तर खरेदीखत नोंदवले जाते, इंडेक्स टू (त्या नोंदणीचा सरकारी उतारा) मिळतो आणि इमारत जुनी झाली तरी जमिनीतला हिस्सा मोलाचा राहतो. आपल्याकडच्या बहुतेक टाइमशेअरमध्ये मालकी नसते, ठरावीक वर्षे राहण्याचा हक्क तेवढा असतो, आणि तो दर वर्षी एका वर्षाने कमी होत जातो. त्यामुळे भाववाढीच्या अपेक्षेला आधारच नाही.
दुसरे म्हणजे हा हक्क विकत घेणारा एक देणेही सोबत घेतो. वार्षिक शुल्क आपण गेलो नाही तरी भरावे लागते, त्यावर जीएसटी असतो आणि ते वाढत जाते. उदाहरणादाखल पहिल्या वर्षी वीस हजार आणि दर वर्षी पाच टक्के वाढ धरली, तर पंचवीस वर्षांत सुमारे साडेनऊ लाख होतात. त्यात तुमचे चार लाख मिळवून १७५ रात्रींनी भागल्यास एका रात्रीला साधारण ७,७०० रुपये पडतात, तेही जेवण आणि प्रवास वगळून, आणि एकही रात्र वाया गेली नाही तर. पुनर्विक्रीची किंमत शून्य धरूनही हा आकडा परवडत असेल, तरच पुढे जावे.

ए-४०४: ताईंचा हिशेब बरोबर आहे, तरी आमची बाजूही मांडतो. आम्ही क्लब महिंद्राचे सदस्य आहोत. तिथे सदस्यत्व ठरावीक हंगामाचे घ्यावे लागते; हे हंगाम जांभळा, लाल, पांढरा आणि निळा अशा रंगांनी ओळखले जातात आणि जांभळा सर्वांत महाग असतो. आम्ही दोघे निवृत्त असल्यामुळे मे महिना किंवा दिवाळी गाठण्याची घाई नसते. पावसाळ्यात मुन्नारला जाऊन निवांत राहतो. विकण्याचा विचार कधी शिवला नाही. ज्यांची शाळकरी मुले आहेत, त्यांना मात्र सुट्टीतलेच दिवस लागतात आणि ते मिळवायला बुकिंग उघडताच बसावे लागते. पुढे विकायचे झाले, तरी मागणी महागड्या हंगामालाच असते.

बी-३०२ (ॲडमिन): एक सावधगिरीची सूचना. सदस्यत्व विकायची जाहिरात टाकली की “तुमच्यासाठी ग्राहक तयार आहे, फक्त नोंदणी शुल्क किंवा कर आधी भरा” असे फोन येऊ लागतात. पैसे भरल्यावर ना ग्राहक दिसतो, ना फोन उचलला जातो. असे पैसे गेले असतील तर विलंब न लावता १९३० या सायबर मदतक्रमांकावर तक्रार नोंदवावी.

ए-२०३: सर्वांचे आभार. मग एक उलटा प्रश्न मनात येतो: विकणाऱ्याला इतके कमी मिळते, तर आपणच जुने सदस्यत्व का घेऊ नये?

डी-१०२: अवश्य विचार करावा, कारण पहिली मोठी घसरण आधीच्या सदस्याने सोसलेली असते. मात्र शिल्लक वर्षे, थकबाकी, हस्तांतरण शुल्क आणि न वापरता साठलेल्या रात्री आपल्या नावावर येतात का, हे कंपनीकडून ईमेलवर लेखी मागवावे. विदेशी रिसॉर्टशी अदलाबदलीसारख्या सवलती दुसऱ्या मालकाला मिळतीलच असे नाही, तेही विचारावे. विकणाऱ्याला पूर्ण रक्कम नाव बदलल्याचे पत्र आल्यावरच द्यावी.

सी-५०१: आणि तुमच्यानंतर वार्षिक शुल्क वारसांना लागू होते का, तेही त्याच ईमेलमध्ये विचारा. माझ्या करारात ते कलम शेवटून दुसऱ्या पानावर होते.

ए-२०३: ईमेल आजच पाठवतो. प्रतिनिधीचा दुपारपासून दोनदा फोन आला. आजची सवलत रात्री बारा वाजता संपते म्हणे. रविवारीही ती बारालाच संपणार होती.