नारळी पौर्णिमेला खाडीत 'साखळदंडातून सुटका' : होऊ द्यायची का?

खाडीपलीकडचा
मंडळाने यंदा नारळी पौर्णिमेला जादूगार बोलावलाय. हातात बेड्या, अंगाला साखळी, वरून खिळे ठोकलेली पेटी आणि जेटीवरून थेट खाडीत. वेळ दुपारी चार. वर्गणी जमली, फ्लेक्सही लागला.

जादूशी माझं भांडण नाही. जागा आणि वेळ बघा. पौर्णिमा म्हणजे उधाण. त्या दिवशी आपल्याकडे भरती बाराच्या आसपास पुरी होते, म्हणजे चारला सुकती, म्हणजे ओहोटी, ऐन जोरात. त्यात श्रावणात संगमेश्वरकडचं पावसाचं पाणी शास्त्री नदीतून खाली उतरत असतं. इतकं गढूळ की हातभर खोल बुडवलेली बादली दिसत नाही. २०१९ च्या जूनमध्ये कोलकात्याचा चंचल लाहिरी, 'जादूगार मँड्रेक', असाच बांधून घेऊन हुगळीत उतरला. दुसऱ्या दिवशी मृतदेह मिळाला. बरं, तो काही नवशिका नव्हता.

बेडीबहाद्दर
मी जत्रांतून हेच खेळ करतो, म्हणून राहवत नाही. गुपितं फोडणार नाही, पण जगजाहीर आहे तेवढं सांगतो. अर्धी सुटका बांधून घेतानाच होते. छाती भरून घ्यायची, कोपरं किंचित बाहेर ठेवायची, मनगटं चपटी जुळू द्यायची नाहीत. मग श्वास सोडला की दोर सैल. लोक हौसेने लांबच लांब जाड दोर गुंडाळतात, आणि जितका दोर जास्त तितकी ढील जास्त. खरा घाम फुटतो तो कुणी बारीक सुतळीने नुसते दोन अंगठे करकचून बांधले की!

बेड्या-पेट्यांतून सुटण्यासाठी गाजलेला अमेरिकन जादूगार हूडिनी, त्याने १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट नदीत पेटीतून सुटका केली. पोलिसांनी धक्का वापरू दिला नाही, तर पठ्ठ्याने टगबोट भाड्याने घेतली. आणि ती नुसती नावाची नदी, खरं तर भरती-ओहोटीची सामुद्रधुनी आहे. तिथे जमलं ते इथे का जमू नये? तयारी विचारा, पाणबुडे किती ते विचारा. सरसकट 'नको' कशाला?

खाडीपलीकडचा
पेटीला दोर बांधता येतो, कबूल. माणूस पेटीबाहेर आला की त्याला कुठला दोर? तो प्रवाहाच्या हवाली. आणि पाणबुडा त्या चिखलपाण्यात चाचपडणार तरी किती?

रत्नागिरीवाला
सुटकेचं कोकणाला वावडं कधीपासून? सावरकरांनी ८ जुलै १९१० ला मार्सेलिसला बोटीच्या खिडकीतून समुद्रात उडी मारली. पुढे त्यांना ठेवलं ते आपल्याच रत्नागिरीत.

खाडीपलीकडचा
त्यांना सुटायचं होतं हो, टाळ्या नको होत्या. आणि किनारा गाठूनही ते पकडले गेलेच. जेटीवर या परत.

नाखवाची सून
तुम्ही दोघं बेड्यांवर भांडताय. आमच्याकडे बेडी कुणाला पडत नाही, फास पडतो. जाळं सोडताना दोर सरसरत पाण्यात जातो आणि त्याच्या वेटोळ्यात पाय असला तर माणूसही जातो. सासऱ्यांचा नियम आहे : सुरी कमरेलाच, डब्यात नाही. दोन्ही हातांनी निघाली पाहिजे, कारण एक हात अडकलेला असू शकतो. फास पडला तर पाय ओढायचा नाही, ओढला की आवळतो. ओरडून होडीवाल्यांकडून ढील मागायची, तेवढ्यात कापायचं. पावसाळी मासेमारीबंदी उठून बोटी नुकत्या बाहेर पडलेल्या असतात, नवे खलाशी असतात, त्यातल्या निम्म्यांना हे कुणी दाखवलेलं नसतं. धक्क्यावर त्या दिवशी हे दाखवा की.

कुडाळचो
ता बघूक कोण येतलो? लोकां साखळी बघूक येतत, सुरी न्हय.

नाखवाची सून
आधी साखळी दाखवा, मग सुरी. स्टेजवर, पेटीशिवाय.

बेडीबहाद्दर
वहिनींचं पटलं. पायातला फास कापून दाखवायला मी स्वतः येईन, मानधन नको. पण पाण्यातला खेळ स्टेजवर आणला की त्यातला जीव जातो, हेही खरं. पुढे काय होईल ते माहीत नसतं म्हणून तर माणूस श्वास रोखून बघतो. वेळ बदला. भरती पुरी झाली की पाणी थोडा वेळ थबकतं, तेव्हा करा.

खाडीपलीकडचा
तेव्हा सगळ्या होड्या नारळ सोडायला खाडीत असतात. इंजिनं चालू, पोरं टपावर. त्यांच्या मधोमध पेटी टाकायची?

बेडीबहाद्दर
मग दुसरा दिवस घ्या. अष्टमीला उधाण नसतं, ओढही कमी.

खाडीपलीकडचा
फ्लेक्स छापून झालाय, मंडळ ऐकत नाही. बैठकीत मी तीन गोष्टी लेखी मागणार आहे : पाणबुडे कोण, किती वेळाने पेटी वर ओढायची, आणि ओढा म्हणून सांगणारा कोण. तिसऱ्याचं उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही.

बेडीबहाद्दर
ते मात्र मागाच. मी असतो तर चारची वेळ घेतलीच नसती.

कुडाळचो
म्हणजे खेळ होतलो काय नाय?